अक्षरे चित्रावर की चित्रात?

एक्स-रेची एखादी जुनी फिल्म बहुतेक घरांत सापडते. कपाटामागे ठेवलेले ते मोठे पाकीट काढा आणि फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरा. एका कोपऱ्यात 'आर' किंवा 'एल' हे रोमन अक्षर पांढरे स्वच्छ दिसेल. अनेकदा हे अक्षर नंतर शाईने लिहिलेले नसते. एक्स-रे काढण्यापूर्वी तंत्रज्ञाने फिल्मच्या पेटीवर शिशाचे एक छोटे अक्षर ठेवलेले असते. शिसे क्ष-किरणांना अडवते. त्यामुळे तेवढ्या जागेवर किरण पोचत नाहीत, तिथली फिल्म काळी पडत नाही आणि अक्षर उमटते.

एवढा खटाटोप कशासाठी? फिल्म पारदर्शक असते. ती उलटी धरली तर उजवा हात डावा दिसतो. कागदाची चिठ्ठी चिकटवली तर ती निघून जाऊ शकते, दुसऱ्याच फिल्मवर लागू शकते. चित्रातच उमटलेले अक्षर मात्र चित्रापासून वेगळे करता येत नाही. शिवाय फिल्म उलटी धरली तर 'आर'सुद्धा उलटा दिसतो आणि चूक लगेच कळते.

पण या सोयीची एक किंमत आहे. ज्या जागी शिशाचे अक्षर पडले त्या जागी शरीराचा भाग असता, तर तो फिल्मवर कधीच दिसला नसता. म्हणून तंत्रज्ञ ते अक्षर शरीरापासून दूर, कोपऱ्यात ठेवतो. या साध्या कृतीत तीन गोष्टी आल्या. खूण कायमची हवी. कायमची खूण आपल्याखालची माहिती पुसून टाकते. म्हणून ती जिथे माहिती नाही अशाच जागी ठेवावी.

आज सूक्ष्मदर्शक, दुर्बीण, सीटी स्कॅनर अशा उपकरणांतून येणारी चित्रे संगणकात साठवली जातात आणि त्यांवर नाव, तारीख, मोजपट्टी लिहिणे हे एक बटण दाबण्याइतके सोपे झाले आहे. सोपे झाल्यामुळेच या तीन गोष्टींचा विसर पडतो. त्यातून काय घडते आणि ते कसे टाळावे, हे या लेखात पाहू.

काचेच्या दोन बाजू

संगणकाच्या आधीचे एक उदाहरण पाहू. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वेधशाळेत आकाशाची छायाचित्रे घेतलेल्या पाच लाखांहून अधिक काचपट्ट्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शंभरेक वर्षे त्या जमत गेल्या. काचेच्या एका बाजूला प्रकाशाला संवेदनशील असा लेप असे आणि ताऱ्यांच्या प्रतिमा त्या लेपात उमटत. वेधशाळेत काम करणाऱ्या स्त्रिया या काचा तपासत आणि ताऱ्यांभोवती शाईने वर्तुळे, बाण, क्रमांक काढत. हेन्रिएटा लेव्हिट यांनी अशाच काचांवरून रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास केला. ताऱ्याची तेजस्विता आणि तिच्या बदलाचा कालावधी यांचा संबंध दाखवणारा त्यांचा निबंध १९१२ साली प्रसिद्ध झाला. विश्वातील अंतरे मोजण्याचा तो एक पाया ठरला.

त्या शाईच्या खुणा लेपावर नव्हत्या. त्या काचेच्या दुसऱ्या, कोऱ्या बाजूला होत्या. पाहणाऱ्याला तारा आणि खूण एकत्र दिसत, पण तारा एका बाजूला आणि खूण दुसऱ्या बाजूला. अनेक दशकांनंतर या काचा स्कॅन करून ताऱ्यांची तेजस्विता संगणकाने मोजण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा आधी खुणांची छायाचित्रे घेतली गेली, मग शाई पुसली गेली आणि स्वच्छ काच स्कॅन झाली. खुणांची नोंद राहिली आणि ताऱ्यांना धक्काही लागला नाही. हीच शाई लेपाच्या बाजूला असती तर तिच्याखालचे तारे कायमचे गेले असते.

खूण चित्रावर असणे आणि खूण चित्रात असणे यांत हा असा फरक आहे.

चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता

संगणकातील कृष्णधवल चित्र म्हणजे प्रत्यक्षात आकड्यांचा एक मोठा तक्ता असतो. चित्राचे बारीक चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनाला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये एकच आकडा असतो आणि तो आकडा त्या ठिकाणी किती प्रकाश पोचला हे सांगतो.

आपल्या रोजच्या चित्रांत हा आकडा ८ बिटांचा असतो, म्हणजे तो ० ते २५५ यांपैकी एक असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा आणि मधल्या साऱ्या राखी छटा. डोळ्यांना एवढे पुरते. साधारण पडद्यावरही एवढ्याच छटा दाखवल्या जातात.

मोजमाप करणाऱ्या उपकरणांना मात्र एवढे पुरत नाही. सीटी स्कॅनमध्ये बहुधा १२ बिट वापरतात, म्हणजे ४,०९६ पायऱ्या. शास्त्रीय कॅमेऱ्यांची चित्रे १६ बिटांत साठवतात, म्हणजे ० ते ६५,५३५ अशा ६५,५३६ पायऱ्या. आपल्याला एवढ्या छटा दिसणारच नाहीत, मग त्या का साठवायच्या? कारण हे चित्र केवळ पाहण्यासाठी नसते. ते प्रत्येक पिक्सेलपाशी ठेवलेल्या एकेका मापकाचे वाचन असते. तापमापी दशांश अंशापर्यंत मोजते म्हणून आपण तिला महाग म्हणत नाही, तिच्यावर विश्वास ठेवतो. इथेही तसेच.

अक्षर लिहिण्याचे तीन मार्ग

आता या तक्त्यावर 'नमुना क्र. ७' असे लिहायचे आहे. उदाहरणासाठी इमेजजे हा संगणक-कार्यक्रम घेऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रास्बँड यांनी १९९७ साली तो प्रथम तयार केला. तो सर्वांना विनामूल्य मिळतो आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो.

पहिला मार्ग 'ओव्हरले'चा, म्हणजे वरच्या पातळ थराचा. अक्षरे चित्रावर दिसतात, पण तक्त्यातील एकही आकडा बदलत नाही. हार्वर्डच्या काचेची ही कोरी बाजू. गैरसोय एवढीच की हा थर ओळखणाऱ्या कार्यक्रमातच तो दिसतो. तीच फाइल दुसऱ्या कार्यक्रमात उघडली तर अक्षरे गायब झालेली असू शकतात.

दुसरा मार्ग 'फ्लॅटन'चा, म्हणजे थर आणि चित्र एकत्र दाबून सपाट करण्याचा. अक्षरे कायमची होतात, पिवळी किंवा लाल हवी असतील तर तशीही मिळतात. पण इथे एक सापळा आहे. राखी चित्रात प्रत्येक पिक्सेलला एकच आकडा असतो आणि एका आकड्यात पिवळा रंग मावत नाही. त्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात. म्हणून हा आदेश संपूर्ण चित्राचे रंगीत चित्र करतो आणि त्यातील प्रत्येक आकडा ८ बिटांचा असतो. समजा, मूळ चित्रातील आकडे ४०० ते ३,६०० यांमध्ये होते आणि पडद्यावर तीच मर्यादा दाखवली जात होती. तर ३,२०१ वेगवेगळ्या पायऱ्या आता २५६ मध्ये कोंबल्या गेल्या. सुमारे साडेबारा पायऱ्यांची एक पायरी झाली. पडद्यावर मात्र काहीही बदललेले दिसत नाही! डोळ्याला न कळता मोजमाप गेले.

तिसरा मार्ग थेट तक्त्यात लिहिण्याचा. अक्षराच्या आकारात येणाऱ्या पिक्सेलमधील आकडे पुसले जातात आणि तेथे दुसरा आकडा भरला जातो. चित्र १६ बिटांचेच राहते, फाइल कुठेही उघडली तरी अक्षरे दिसतात. 'कायमचे लिहिणे' म्हणतात ते हेच. पण आता ते अक्षर अक्षर राहिले नाही. आपल्याला 'क्र. ७' दिसते, संगणकाच्या दृष्टीने तेथे अतिशय प्रखर प्रकाश पोचला आहे, एवढेच.

दोन दिवसांचा आनंद

यातून काय होऊ शकते हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. आमच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी पेशींवर एका औषधाचा परिणाम तपासत होती. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींना चकाकणारा रंग देऊन त्यांची १६ बिटांची छायाचित्रे घ्यायची आणि चकाकी वाढते का हे पाहायचे, असा प्रयोग होता. चित्रांची सरमिसळ होऊ नये म्हणून तिने प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात नमुन्याचे नाव कायमचे लिहून टाकले. हेतू चांगलाच होता. तशी शिस्त आम्हीच लावली होती.

काही महिन्यांनी सगळ्या चित्रांची सरासरी तेजस्विता काढली. औषध दिलेल्या पेशी स्पष्टपणे अधिक तेजस्वी निघाल्या. आम्ही दोन दिवस आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी तिनेच शंका काढली, की पेशी डोळ्यांना सारख्याच दिसतात, मग आकड्यांत एवढा फरक कसा?

कारण सोपे होते. औषध दिलेल्या नमुन्यांच्या नावात औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेली होती, म्हणजे नाव लांब होते. न दिलेल्यांचे नाव आखूड होते. आम्ही पेशींची चकाकी मोजत नव्हतो, नावांची लांबी मोजत होतो!

हिशेबासाठी गोल आकडे घेऊन पाहू. चित्र ५१२ × ५१२ पिक्सेलचे, म्हणजे एकूण २,६२,१४४ पिक्सेल. दोन्ही प्रकारच्या चित्रांची खरी सरासरी ६०० समजू. अक्षरे ६५,५३५ या कमाल आकड्याने लिहिली. अक्षराच्या प्रत्येक पिक्सेलमुळे बेरीज साधारण ६५,५३५ − ६०० = ६४,९३५ एवढी वाढते. लांब नावाने २,००० पिक्सेल व्यापले तर

६४,९३५ × २,००० ÷ २,६२,१४४ = सुमारे ४९५

एवढी सरासरी वाढेल, म्हणजे ती १,०९५ होईल. आखूड नावाने १,२०० पिक्सेल व्यापले तर वाढ सुमारे २९७ आणि सरासरी ८९७. अक्षरांनी चित्राचा एक टक्का भागही व्यापलेला नाही, तरी सरासरी पावणेदोनपट झाली आणि जिथे काहीच फरक नव्हता तिथे २२ टक्के फरक 'सापडला'. ८ बिटांच्या चित्रात कमाल आकडा २५५ असल्याने अशी चूक लहान राहते. पायऱ्या जितक्या अधिक, तितकी पांढऱ्या अक्षराची उडी मोठी.

मग आम्ही ६५,५३५ आकडा असलेले पिक्सेल वगळून पुन्हा सरासरी काढली. तरीही पुरते जमले नाही. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून तो कार्यक्रम कडेच्या पिक्सेलमध्ये मधले आकडे भरत होता. त्यांतले काही आकडे तेजस्वी पेशींच्या आकड्यांसारखेच होते. ते अक्षराचे की पेशीचे हे सांगणार कोण? ज्या चित्रांच्या मूळ प्रती होत्या ती पुन्हा मोजली. ज्यांच्या नव्हत्या ते प्रयोग पुन्हा करावे लागले. औषधाचा परिणाम नव्हता, हे शेवटी कळले ते आणखी काही महिन्यांनी.

पांढरा म्हणजे किती?

'कमाल आकड्याने लिहिले म्हणूनच घोळ झाला. थोडा लहान आकडा घेतला असता तर?' असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर शोधताना एक मूळ अडचण ध्यानात येते. ४,०९६ किंवा ६५,५३६ पायऱ्यांच्या चित्रात 'पांढरा' असा ठराविक आकडा नसतोच.

सीटी स्कॅनचे उदाहरण घेऊ. या यंत्राचे जनक गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना १९७९ साली अॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाण्याला ० आणि हवेला उणे १,००० हा आकडा आहे. हाडाचे आकडे काही शेकड्यांपासून हजाराच्या वर जातात. पडद्यावर मात्र सुमारे २५६ छटाच आहेत. म्हणून डॉक्टर या लांब पट्टीवर एक खिडकी सरकवतात. खिडकीच्या खालचे सारे काळे, वरचे सारे पांढरे आणि खिडकीतले राखी छटांत. मऊ अवयव पाहण्यासाठी उणे १६० ते २४० ही खिडकी घेतात. हाडे पाहण्यासाठी उणे ५०० ते १,३०० अशी रुंद खिडकी लागते. चित्र तेच, आकडे तेच. खिडकी बदलली की चित्र वेगळे दिसते.

आता मऊ अवयवांच्या खिडकीत पांढरे दिसणारे अक्षर, म्हणजे २४० हा आकडा, चित्रात लिहिला असे समजा. हाडांच्या खिडकीत तो तळापासून ७४० पायऱ्या वर आहे आणि खिडकी १,८०० पायऱ्यांची आहे. म्हणजे तो ४१ टक्क्यांवर येतो. अक्षर मधल्या राखी रंगाचे होऊन आजूबाजूच्या अवयवांत मिसळून जाते.

मग सर्वांत मोठा आकडा घेऊ, ३,०७१. आता अक्षर प्रत्येक खिडकीत पांढरे राहील. पण अनेक कार्यक्रम फाइल उघडताना सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा शोधून तेवढी खिडकी आपोआप लावतात. उणे १,०२४ ते ३,०७१ अशी खिडकी लागली तर मऊ अवयवांच्या ४०० पायऱ्यांना पडद्यावरच्या जेमतेम २५ छटा मिळतात. अक्षर झळकते आणि बाकी चित्र मंद होते. वर्गात एखादा मुलगा मोठ्याने ओरडला की बाकीच्यांचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यातलाच हा प्रकार.

इमेजजे कार्यक्रम मधला मार्ग घेतो. १६ बिटांच्या चित्रात पांढऱ्या रंगाने लिहायला सांगितले तर तो त्या क्षणी पडद्यावर जी वरची मर्यादा असेल तो आकडा भरतो. त्यामुळे आत्ता अक्षर पांढरे दिसते आणि चित्रही मंद होत नाही. पण उद्या मर्यादा वाढवली की अक्षर राखी होते. शिवाय दोन चित्रांवर वेगवेगळ्या मर्यादा असताना लिहिलेल्या अक्षरांत वेगवेगळे आकडे भरले जातात. कुठलाही आकडा निवडा, तो कुठेतरी अडचण करतोच.

रिकाम्या चार घरांची युक्ती

अक्षर चित्राच्या फाइलमधून वेगळे होता कामा नये आणि मूळ आकडाही जाता कामा नये, असे दोन्ही साधेल का? वैद्यकीय चित्रांच्या क्षेत्रात एके काळी यासाठी एक सुंदर युक्ती वापरत असत. ती फळ्यावर मांडून दाखवता येते.

सीटीचा आकडा १२ बिटांचा असतो, पण संगणक तो १६ बिटांच्या जागेत ठेवतो. म्हणजे वरची चार घरे रिकामीच राहतात. त्यांपैकी एका घरात अक्षराची खूण ठेवायची. या पिक्सेलवर अक्षर आहे तर १, नाही तर ०. समजा, पिक्सेलमधील आकडा १,५०० आहे. द्विमान पद्धतीत तो असा लिहू:

०००० ०१०१ ११०१ ११००

अक्षराची खूण तेराव्या घरात ठेवली की तो असा होतो:

०००१ ०१०१ ११०१ ११००

तेराव्या घराची किंमत ४,०९६. म्हणजे आकडा झाला १,५०० + ४,०९६ = ५,५९६. आता ५,५९६ ला ४,०९६ ने भागा. भागाकार १ आला, म्हणजे येथे अक्षर आहे. बाकी १,५०० राहिली, म्हणजे मूळ माप शाबूत आहे. भागाकारात अक्षर आणि बाकीत चित्र!

पण या युक्तीचीही एक मर्यादा होती. ही खूण माहीत नसलेला कार्यक्रम भागाकार करत बसत नाही. तो ५,५९६ हेच माप समजतो. शिवाय १२ पेक्षा अधिक बिटांची चित्रे आली की रिकामी घरे उरत नाहीत. वैद्यकीय चित्रांच्या 'डायकॉम' या मानकातून ही पद्धत पुढे काढून टाकण्यात आली. आता अक्षरांचा थर त्याच फाइलमध्ये, पण वेगळ्या कप्प्यात ठेवता येतो. त्याला प्रत्येक पिक्सेलमागे एकच बिट लागतो. ५१२ × ५१२ पिक्सेलच्या, १६ बिटांत ठेवलेल्या चित्राला ५,२४,२८८ बाइट लागतात, तर या थराला फक्त ३२,७६८. म्हणजे सोळावा हिस्सा. एवढ्या किमतीत चित्र आणि अक्षर दोन्ही सुखरूप राहतात.

मग कायमचे लिहायचेच नाही का?

लिहायचे. काही वेळा तर लिहिलेच पाहिजे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेले परागकणाचे किंवा मुंगीच्या डोळ्याचे चित्र आपण पाहिले असेल. त्याच्या तळाशी बहुधा एक काळी पट्टी असते आणि तीत एक छोटी रेघ व 'इतके मायक्रॉन' असे लिहिलेले असते. ही मोजपट्टी चित्रातच कायमची असणे आवश्यक आहे. चित्राखाली '५,००० पट मोठे' असे छापले आणि छापखान्याने चित्र निम्मे लहान केले, तर ते विधान खोटे ठरते. मोजपट्टी मात्र चित्राबरोबरच लहान होते आणि खरीच राहते.

ती पट्टी चित्राच्या बाहेर, तळाशी जोडलेली असते हेही पाहण्यासारखे आहे. शिशाचे अक्षर शरीरापासून दूर ठेवण्यामागे जी समज आहे तीच येथे आहे. इमेजजेमध्ये चित्राचा कॅनव्हस वाढवून अशी पट्टी जोडता येते. ती वर किंवा डावीकडे न जोडता खाली जोडावी. संगणक पिक्सेलची मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून करतो. पट्टी खाली असली की मूळ चित्रातील कोणत्याही पिक्सेलचा पत्ता बदलत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत त्या प्रसंगानंतर काही नियम ठरले. मूळ फाइलला कोणीही हात लावायचा नाही. लिहायचे ते प्रतीवर. मोजमाप मूळ फाइलवर, लिहिलेली प्रत केवळ दाखवण्यासाठी. प्रतीवरही शक्यतो खालच्या पट्टीत लिहायचे आणि चित्रातच लिहावे लागले तर कडा गुळगुळीत न करता एकाच आकड्याने, म्हणजे गरज पडल्यास तो आकडा वगळता येतो. फाइल टिफ किंवा पीएनजी प्रकारात ठेवायची, कारण या दोन्हींत १६ बिट राहू शकतात. नेहमीच्या जेपीईजी प्रकारात ८ बिटच राहतात आणि अक्षरांच्या तीव्र कडांभोवती डागही पडतात. नमुन्याचे नाव, तारीख, भिंगाची शक्ती ही माहिती फाइलच्या मजकुराच्या कप्प्यात आणि वहीत. खगोलशास्त्रज्ञ हे पूर्वीपासून करत आले आहेत. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'फिट्स' या फाइल-प्रकारात चित्राच्या आधी ऐंशी-ऐंशी अक्षरांच्या ओळींचा मजकूर असतो. कुठली दुर्बीण, कोणती वेळ, चित्रावर कोणती प्रक्रिया केली हे सारे त्या ओळींत लिहायचे. चित्रातील ताऱ्यांना त्याची झळ नाही.

अक्षरे पाहणारे यंत्र

हा प्रश्न आता केवळ संशोधकांपुरता राहिलेला नाही. एक्स-रे पाहून रोग ओळखायला संगणकाला शिकवण्याचे प्रयत्न मोठ्या प्रमाणावर चालू आहेत. २०१८ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणारा असा एक कार्यक्रम तपासला. तो छातीच्या एक्स-रेवरून, चित्र कोणत्या रुग्णालयातून आले हे अचूकपणे ओळखू शकत होता. चित्रात तो नेमके कुठे लक्ष देतो हे पाहिले, तेव्हा कोपऱ्यातील धातूच्या खुणेलाही तो महत्त्व देत असल्याचे दिसले. होय, आपले ते कोपऱ्यातले अक्षर! वेगवेगळ्या रुग्णालयांत त्याची जागा आणि घडण वेगळी असते आणि न्यूमोनियाचे प्रमाणही वेगळे असते. म्हणजे फुप्फुसाकडे न पाहताही काही प्रमाणात बरोबर उत्तर देता येते. आपण ज्याला नुसती खूण समजतो, ती यंत्राच्या दृष्टीने चित्राइतकीच खरी असते.

याची आणखी एक बाजू आहे. सोनोग्राफीच्या चित्रांत रुग्णाचे नाव अनेकदा पिक्सेलमध्येच लिहिलेले असते. संशोधनासाठी चित्रे देताना फाइलच्या मजकुरातून नाव काढून टाकले तरी चित्रातले नाव तसेच राहते. म्हणूनच डायकॉम फाइलमध्ये 'या चित्रात अक्षरे भाजली गेली आहेत का' असे 'हो' किंवा 'नाही' सांगणारी एक स्वतंत्र नोंद ठेवण्याची सोय आहे.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक नसला तरी चालेल. चौकटीच्या कागदावर दहा बाय दहा चौकोन आखा आणि त्यांत १ ते ५ पर्यंतचे आकडे मनाला येतील तसे भरा. हे आपले चित्र. शंभर आकड्यांची सरासरी काढा. ती ३ च्या आसपास येईल. आता मध्यभागी नऊ चौकोनांची अधिकची खूण करायची आहे. ते नऊ आकडे खोडरबराने पुसून तेथे ९९ लिहा आणि सरासरी पुन्हा काढा. ती साडेअकराच्या पुढे जाईल. मग कागद शेजारच्या गटाला द्या आणि पुसलेले नऊ आकडे शोधून काढायला सांगा. आजूबाजूच्या आकड्यांवरून ते अंदाज करतील. त्यांचे अंदाज आणि खरे आकडे ताडून पाहा.

दुसऱ्या गटाला तीच खूण ट्रेसिंग पेपरवर काढून कागदावर ठेवायला सांगा. सरासरी काढताना ट्रेसिंग पेपर उचलला की झाले.

संगणक असल्यास हेच इमेजजेमध्ये करता येईल. कोणतेही १६ बिटांचे चित्र उघडा, त्याची प्रत काढा, 'मेझर' या आदेशाने सरासरी नोंदवा, प्रतीवर नाव लिहा आणि पुन्हा मोजा. मग पडद्यावरची मर्यादा बदलून अक्षराचा रंग कसा बदलतो ते पाहा.

मुलांना शेवटी एक प्रश्न विचारावा. खोडलेले आकडे परत मिळवता येतील अशी कोणती युक्ती लिहिण्यापूर्वी करता आली असती? कोणी म्हणेल, कागदाची नक्कल काढून ठेवायची. कोणी म्हणेल, खूण समासात करायची. एखादी मुलगी कदाचित म्हणेल, की पुसायचेच कशाला, त्या नऊ आकड्यांत प्रत्येकी शंभर मिळवू. तिला भागाकार आणि बाकी यांची गोष्ट जरूर सांगा.